‘भंपक’ म्हणणाऱ्या वाचकांना

नमस्कार. ‘आधी काय दिसलं, त्यावरून स्वभाव’ या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘भंपक लेख. पहिलं काय दिसतं ते मांडणीवर ठरतं, स्वभावावर नाही. वर्षही चुकलंय. शिवाय मुलांच्या मनावर परिणाम होतो.’

वर्षाचं मान्य. एकाच चेहऱ्यात कधी तरुणी, कधी म्हातारी दिसते, ते चित्र मी १९१५ चं म्हटलं. ते व्यंगचित्रकार हिल यांचं अमेरिकेत छापलेलं रूप. १८८८ च्या जर्मन पोस्टकार्डावर ते आधीच होतं. दुरुस्त केलंय.

पण भंपक? मिसळीत तर्री किती घेतली यावरून नाशकात माणसाचा स्वभाव सांगतात, तिथे कुणी शास्त्र मागत नाही!

आणि मांडणी मला शिकवताय? दहा वर्षं कॉलेज रोडच्या सोसायट्यांत हे खेळ घेतोय. तरुणीचा कान तोच म्हातारीचा डोळा, तरुणीची हनुवटी म्हणजे म्हातारीचं नाक, गळ्यातली पट्टी म्हणजे तोंड. नजर आधी पट्टीवर पडली तर म्हातारी पटकन सापडते. मोबाइलवर चित्र वरून खाली सरकवत पाहिलं, की पिसं नि पापणी आधी येतात आणि तरुणीला फुकटची आघाडी मिळते. म्हणून ए-फोर कागदावर पूर्ण चित्र छापा, पालथं ठेवा, पाच सेकंद दाखवा, बोलायच्या आधी उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या. एकजण ‘म्हातारी!’ ओरडला की अख्ख्या खोलीला तीच दिसते आणि खेळ तिथेच संपतो. बदक-सशाचा (एकाच चित्रात बदकही, ससाही) कागद चोच वर येईल असा धरलात तर चोचीचे कानच होतात. तो आडवाच दाखवा. फिरणारी नर्तकी (कायाहारा यांचं २००३ चं हलतं चित्र) ही नुसती काळी सावली. पुढचा पाय कोणता, मागचा कोणता याची खूणच तिच्यात नाही, त्यामुळे ती कुठल्याही दिशेने फिरताना दिसली तरी बरोबर. ती कुठे फिरते यावरून उजवा मेंदू की डावा ते सांगणारं फॉरवर्ड माझं नव्हे.

राहिला स्वभाव. ‘म्हातारी’वाल्यांच्या आणि ‘तरुणी’वाल्यांच्या पाकिटांत मी स्वभाववर्णनाचा एकच मजकूर घालतो. मानसशास्त्रज्ञ फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना असंच एकसारखं वर्णन दिलं, आणि मुलांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. पाकिटं अदलाबदल करून वाचायला लावली की हशा पिकतो, गंमत तीच. हे सगळं लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात होतं. तिथवर पोचण्याची तसदी घेतली असतीत तर!

मुलांच्या मनाचं राहू द्या, ती आपल्यापेक्षा लवकर हसतात.