वर्गणीची यादी ग्रुपवर टाकू नका

आज सकाळी आपल्या अंबाजोगाईच्या कॉलेजच्या बॅचच्या ग्रुपवर स्नेहमेळाव्याच्या वर्गणीची यादी पडली. ज्यांचे पाच हजार आले त्यांच्या नावापुढं हिरवी खूण, ज्यांचे नाही आले त्यांच्यापुढची जागा मोकळी. खाली सूचना, उद्या शेवटची तारीख, स्क्रीनशॉट टाका. दुपारपर्यंत एक जण ग्रुप सोडून गेला. का गेला, कुणी विचारलं नाही. लगेच टी-शर्टच्या रंगावर चर्चा सुरू झाली.

गेला तो कोण, आठवा जरा. होस्टेलला असताना गावाकडून एसटीनं येणारे सगळ्यांचे डबे बसस्टँडवरून आणणारा. केजची गाडी कधी लागते, धारूरच्या गाडीत कंडक्टरजवळ कुणाची पिशवी आहे, त्याला पाठ असायचं. मुलींच्या होस्टेलच्या फाटकापर्यंत आमचेही डबे तोच आणायचा. एखाद्याचा डबा आला नाही तर त्यानं ते चारचौघात कधी सांगितलं नाही, गुपचूप दुसऱ्यांच्या डब्यातून त्याचं ताट भरायचं. आणि आपण २५ वर्षांनी कुणाचे पैसे आले नाहीत त्याची यादी करून भिंतीवर लावतो? काय करायलोत आपण?

पैसे लागतात, हे मान्य. पण किती लागतात ते कागदावर मांडा. एकशेवीस माणसांचं दुपारचं जेवण कॉलेजच्या आवारात आचारी लावून केलं तर तांदूळ १० किलो, तूरडाळ ६ किलो, पुऱ्यांना कणीक १५ किलो, वांगी १५ किलो, बुंदी १० किलो, तेलाचा एक डबा आणि १९ किलोची दोन सिलिंडरं. आचारी आणि वाढपी धरून साधारण २५,०००. मांडव, खुर्च्या, स्पीकर १५,०००. नाश्ता, चहा, पाण्याचे जार १०,०००. झाडलोट आणि सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या शिपायांना ५,०००. झाले ५५,०००. आपल्यातल्या वीस जणांनी तीन-तीन हजार काढले तरी वर उरतात. हे वीस जण कोण, आपल्याला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे. रिसॉर्ट, ड्रोन आणि ट्रॉफ्यांमुळं मेळाव्याच्या खर्चाचा आकडा साडेतीन लाखांवर गेलाय, जेवणामुळं नाही.

पैसे एकाच माणसाकडं जमा व्हावेत आणि कुणी किती दिले हे त्याच्या वहीतच राहावं. शेवटी ग्रुपवर फक्त एकूण जमा आणि एकूण खर्च, बिलांच्या फोटोंसकट. हिशेब उघडा पाहिजे, नावं नकोत. आणि जो गेला त्याला परस्पर ग्रुपमध्ये जोडू नका. दोघांनी त्याच्या गावी जाऊन बसा.

आता तारीख. नोव्हेंबरचा पहिला आठवडा ठरवताना शेतीवाल्या एकाला तरी विचारलं का? सोयाबीन बाजारात न्यायचं असतं, कापसाची वेचणी चालू असते, ज्वारी-हरभऱ्याची पेरणी असते. त्यातच विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा आल्या की वर्गांमध्ये बैठकव्यवस्था लागलेली असते, हॉल मिळत नाही. डिसेंबरचा शेवटचा रविवार घ्या. पेरण्या उरकलेल्या असतात. तूर निघत असते, पण एक दिवस काढता येतो. परदेशातल्यांना सुट्टीही तेव्हाच असते, एवढं त्यांचं बरोबर आहे.

मुक्कामाचा कार्यक्रम ज्यांना करायचा त्यांनी शनिवारी खुशाल करावा, पण मुख्य कार्यक्रम रविवारी ११ ते ४ याच वेळेत. ज्याच्या दावणीला दोन म्हशी आहेत तो संध्याकाळी धारा काढायला घरी पाहिजे. अंधार पडल्यावर बऱ्याच गावांना गाडी नाही. आपल्या कित्येक मैत्रिणींना मुक्कामाला घरून जमत नाही, ते योग्य नाही, पण आहे. रात्रीच्या जेवणाला आणि गाण्यांना महत्त्व दिलं की हे सगळे आपोआप गळतात आणि मग आपण म्हणतो, गावाकडचे येतच नाहीत!

आणि जागा कॉलेजचीच. मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामी राजवट होती. त्यानंतर १९५० ला औरंगाबादला मिलिंद कॉलेज, नांदेडला पीपल्स कॉलेज, १९५८ ला विद्यापीठ, असं एकेक उभं राहिलं ते घरात पहिल्यांदा पुस्तक उघडणाऱ्या लेकरांसाठी. आपल्यातल्या निम्म्यांच्या घरात आपण पहिले पदवीधर. त्या वर्गांना सोडून हायवेवरच्या लॉनवर का जायचं?

फक्त कॉलेजात करायचं तर काही कामं आधी करावी लागतात, नाहीतर पंचाईत होते. प्राचार्यांना लेखी अर्ज महिनाभर आधी, माजी विद्यार्थी संघामार्फत. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला जागा आहे, त्यामुळं सहसा कुणी नाही म्हणत नाही. रविवारी सगळ्यात आधी अडतं ते स्वच्छतागृह. किल्ली शिपायाकडं, शिपाई गावाला, टाकी रिकामी, मोटारीच्या खोलीला कुलूप. मुलींचं स्वच्छतागृह शनिवारीच उघडून बघा, कडी लागते का, नळाला पाणी येतं का, आणि रविवारी सकाळी आठला मोटार चालू करा. मोठा स्पीकर वर्गातल्या जुन्या वायरिंगवर लावू नका, जनरेटर घ्या.

सरांपैकी बरेच जण पंचाहत्तरीच्या पुढं आहेत. तळमजला, हात असलेल्या खुर्च्या, घरून आणायला गाडी. अंबाजोगाईला रेल्वे नाही, मुंबईहून येणारे लातूरला किंवा परळीला उतरतील, त्यांच्याच गाडीत वाटेतल्या सरांना घ्या. जेवण एकला, साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांना त्यापुढं थांबवू नका. शाल-श्रीफळ एकेकाला स्टेजवर बोलावून द्यायला गेलात तर तासभर जातो. सर बसलेत तिथं जाऊन द्या.

ओळख-परेडचं तर माझं ठाम म्हणणं आहे. सत्तर जण, प्रत्येकी दोन मिनिटं, म्हणजे सव्वादोन तासांच्या वर. आणि त्यात सगळे सांगणार काय? पद, कंपनी, फ्लॅट. डबे आणणाऱ्यानं त्या माइकवर काय सांगायचं, चार एकर कोरडवाहू? नाव, गाव, होस्टेलची खोली आणि कुणासोबत राहायचो, एवढंच विचारा. बाकीचं जेवताना बोलता येतं.

आपल्यातले जे वारले त्यांची नावं सुरुवातीलाच वाचायची. ती यादी आधी त्यांच्या घरी फोन करून तपासा. जिवंत माणसाचं नाव त्यात आलं किंवा गेलेल्याला निमंत्रण गेलं, तर त्या घराला काय वाटेल?

अजून वर्गातल्या बऱ्याच मुली सापडलेल्या नाहीत, कारण आपण त्यांना फेसबुकवर माहेरच्या आडनावानं शोधतोय. कार्यालयात अर्ज देऊन आपल्या वर्षाच्या प्रवेश नोंदवहीतून नाव, वडिलांचं नाव आणि गाव उतरवून घ्या. मग त्या गावातल्या भावाला, नाहीतर किराणा दुकानदाराला फोन. नंबर लगेच ग्रुपवर टाकू नका, आधी मैत्रिणीनंच बोलावं आणि तिला विचारूनच जोडावं. एका तालुक्याला एक माणूस धरला तर पंधरवड्यात होतं.

केज, धारूर आणि माजलगाव मी घेते. परळी-गंगाखेड कुणाकडं? रेणापूर आणि लातूरसाठी दोघं लागतील, तिकडं नावं जास्त आहेत. नोंदवहीचा अर्ज सोमवारी कॉलेजात द्यायचाय, अंबाजोगाईत राहणाऱ्या कुणीतरी खाली लिहा.