सही पूर्ण पगारावर, हातात निम्माच

म्हापशात बसून मी हॉटेलांचे हिशेब लिहितो. किनारपट्टीवरच्या एका रेस्टॉरंटचं पगारपत्रक कित्येक महिने माझ्याकडे होतं. किमान वेतनाचा आकडा चोख, समोर प्रत्येकाची सही. एकदा एक कागद राहिला म्हणून मी स्वतः तिथे गेलो. मालकाने गल्ल्याखालचा खण ओढला, तर आत रबर लावलेला आधार कार्डांचा गठ्ठा. सगळी झारखंडची पोरं. मागे मोरीवर कढया घासणाऱ्या एकाला विचारलं, गावी कधी जाणार? "जब एडवांस कटेगा." उचल ठेकेदाराने घरच्यांना दिलेली. किती फिटली, किती राहिली, त्याला ठाऊक नव्हतं. हातात निम्मा पगार, बाकीचा उचलीत आणि खोलीभाड्यात वळता.

ते काम मी सोडलं. पण तोवरची पत्रकं माझ्याच हातची होती, हे आधी कबूल करतो.

गोव्यात मानवी तस्करी म्हटलं की आपल्याला मसाज पार्लरवरची धाड आणि ओढणीने तोंड झाकलेल्या मुलीच आठवतात. धाडी हव्यातच. पण 2004 च्या जूनमध्ये वास्कोला बायणाची वेश्यावस्ती पाडली, तेव्हा धंदा संपला नाही, पांगला. सोडवलेल्या बाईला रिकाम्या हाताने गावी धाडलं, की घरी कर्ज आणि दलाल दोघेही तिची वाट बघत असतात.

आणि मोरीवरचा तो पोरगा? संविधानाच्या 23 व्या कलमात माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना एकाच दमात मनाई आहे. दिल्लीतल्या एशियाड खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात 1982 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की किमान वेतनाहून कमी पैशात काम करून घेणं म्हणजे सक्तीची मजुरी. भुकेपोटी माणूस राबतो, तीही सक्तीच. मग त्या पत्रकातली खोटी रक्कम ही निव्वळ कामगार खात्याची किरकोळ बाब कशी?

पगार वाढवले तर धंदे बसतील, हे मी रोज ऐकतो. चार टेबलांच्या खानावळीसाठी ती भीती खरी आहे. पावसाळ्यात तिचा गल्ला मी पाहिलाय. पण अमेरिकेत न्यू जर्सीने 1992 मध्ये किमान वेतन ताशी 4.25 वरून 5.05 डॉलर केलं, तेव्हा कार्ड आणि क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांना तिथल्या फास्ट फूडच्या दुकानांत नोकऱ्या घटलेल्या दिसल्या नाहीत. कामगाराला दुसरीकडे जाणं अवघड असेल तर मालक त्याला त्याच्या कामाच्या मोलापेक्षा कमी देऊ शकतो. तिथे वेतन वाढलं तर कात्री मालकाच्या जास्तीच्या नफ्याला लागते, माणूस कमी करावाच लागतो असं नाही. आमच्याकडे तर आधार कार्डच खणात! आणि मार खातो कोण? शेजारचा, पूर्ण पगार देणारा हॉटेलवाला.

म्हणून धाड पडेल तेव्हा पोलिसांसोबत कामगार निरीक्षक हवा. त्याने पत्रक बघून परत फिरू नये. खोल्या बघाव्यात, कागद कुणाकडे आहेत ते विचारावं, मालकासमोर नव्हे तर एकेकट्याला. थकबाकी तिथेच काढावी. तिच्या दहापटीपर्यंत भरपाईची तरतूद कायद्यात आहे. ती रक्कम हाती पडल्याशिवाय कुणालाही गावच्या गाडीत बसवू नये.

त्या पोराची उचल फिटली का, मला कळलं नाही. त्याची सही असलेल्या पत्रकाची प्रत माझ्या कपाटात आहे. कामगार खात्याने बोलावलं तर घेऊन येईन.