बोटीवरचे पाहुणे

माझी आतेबहीण दुबईला बोटीत बसली आणि एका रविवारी दहा तासांसाठी मुंबई बंदरात उतरली. त्या दहा तासांत तिला ठाण्याला यायचं होतं. बोट म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाते तसली नव्हे. आत थिएटर, सतरा प्रकारचे पाव आणि पोहायचे तीन तलाव. "तलाव आमच्याकडे ढीगभर आहेत," मी फोनवर म्हटलं. ठाणेकर तलावाच्या बाबतीत कुणाला हार जात नाही.

बोटवाले स्वतःही मुंबई दाखवतात. गेटवे, धोबीघाट, डबेवाले. डॉलर मोजून दुसऱ्याचे कपडे धुताना बघायचे. पण त्यांच्या सहलीची बस अडकली तर बोट थांबते. आपले आपण हिंडायला गेलात तर थांबत नाही, पुढचं बंदर स्वखर्चाने गाठा. पुढचं बंदर कोची. हे सगळं ताईने मला बॅलार्ड पिअरच्या गेटबाहेर, टॅक्सीचं दार लावता लावता सांगितलं. संध्याकाळी सहाच्या आत बोटीवर. माझ्या पोटात जो गोळा आला, तो मिसळीनेही हलला नाही.

भावोजी निवांत. रोमिंगच्या धास्तीने फोन बंद, मनगटावर घड्याळ.

फ्रीवेने तासाभरात ठाणं. मामलेदार कचेरीपाशी मिसळ खायची हे न्यू जर्सीतच ठरलं होतं. मी म्हटलं, भावोजी, मध्यम घ्या. "अहो, मी मूळचा कोल्हापूरचा," म्हणून त्यांनी तिखट सांगितली. पहिल्या घासाला मान डोलावली. दुसऱ्याला चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिसऱ्यानंतर ते समोरच्या भिंतीकडे बघत "छान आहे, छान आहे" म्हणत राहिले. तीस वर्षांत कोल्हापूर बरंच पातळ झालं होतं.

मग नौपाड्यातलं ताईचं माहेर. म्हणजे ते जिथे होतं ती जागा. दोन मजली चाळीच्या ठिकाणी आता बावीस मजले उभे आहेत. वॉचमनने वही पुढे केली. 'कोणाकडे जायचे' या रकान्यासमोर ताई पेन धरून बराच वेळ उभी राहिली. शेवटी तिने वही तशीच परत दिली आणि म्हणाली, "चल, तलावपाळीला जाऊ." तलावपाळीला सुदैवाने वही नाही.

घरी अळूवड्या, मसालेभात, श्रीखंड. जेवून भावोजी सोफ्यावर आडवे झाले आणि घोरू लागले. मी दर पाच मिनिटांनी खोकत होतो. साडेतीनला ताई उठून "निघतो आता" म्हणाली. पण मराठी घरात 'निघतो' ही फक्त प्रस्तावना असते. मग ओटी. मग शेजारच्या काकू 'नुसतं भेटायला'. मग फोटो, त्यात काकूंचे डोळे मिटले म्हणून पुन्हा फोटो. लिफ्ट आली, गेली, पुन्हा आली.

"भावोजी, सव्वाचार झाले!"

"कुठे? पावणेचार," ते मनगट दाखवत म्हणाले.

उलगडा लिफ्टमध्ये झाला. बोटीवर एका रात्री सगळ्यांना घड्याळं तासभर पुढे करायला सांगितली, ती त्यांनी केली. दुसऱ्या रात्री आणखी अर्धा तास सांगितला. "मला वाटलं छपाईची चूक. अर्ध्या तासाचा फरक कुठल्या देशात असतो?"

"तुम्ही जन्मलात त्या देशात," ताई म्हणाली. तळमजला येईपर्यंत कुणी बोललं नाही.

आता रस्त्याचा भरवसा नको म्हणून लोकल. मेगाब्लॉक संपला होता, पण त्याचं सुतक फिटायचं होतं. जलद गाडी धिम्या मार्गावरून, दर स्टेशनाला नमस्कार करत निघाली. मला घाबरल्यावर इतिहास सुचतो. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं, चौदा डबे, ३४ किलोमीटर, सत्तावन्न मिनिटं, असं मी सांगत सुटलो. आम्हाला एक तास दोन मिनिटं लागली. १८५३ साली मेगाब्लॉक नव्हता.

सीएसएमटीहून टॅक्सी. पावणेसहाला गेट. ताई आत जाणार तोच पिशवीतून बोटीचं पत्रक निघालं: फळं आणि घरचे खाद्यपदार्थ बोटीवर आणू नयेत. "आधी का नाही वाचलंस?" असं विचारायला वेळ नव्हता. अळूवड्यांचा डबा, चकल्या, ओटीचा नारळ, सगळं माझ्या हातात देऊन ती पळाली. भावोजी मागून घड्याळ पुढे करत पळत होते.

परतीच्या गाडीत खिडकी मिळाली. मांडीवर नारळ. बोट वेळेवर सुटली, ताईचा निरोप आला. बरोबर बुफेतल्या एकवीस पदार्थांचा फोटो.

दार उघडताच बायकोने नारळ पाहिला. "ओटीचा नारळ परत आणलात? समोर समुद्र होता, तिथे तरी सोडायचा!"

समुद्र होता. पण गेटच्या आत. तिथे जायला पास लागतो.