जाम ड्राइव्ह क्लच: तेल, आग, घण आणि ग्रीस, चारही सल्ले चुकीचे

एटीव्ही (आडवाटांवरची उघडी चारचाकी), साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी बसायची तशीच गाडी) किंवा स्नोमोबाइल (बर्फावरची गाडी) यांचा इंजिनावरचा ड्राइव्ह क्लच, म्हणजे बेल्ट फिरवणारी पुलींची जोडी, जाम झाला आणि निघेनासा झाला की एक ठरलेला सल्ला हातोहात फिरतो. थोडक्यात तो असा: ‘रात्रभर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी गॅस टॉर्चने चांगला तापवा. तीन पायांचा पुलर (ओढून काढायचं हत्यार) लावा आणि आवळून घण घाला, सुटतोच. बसवताना टेपरला (निमुळत्या भागाला) ग्रीस लावा, म्हणजे पुन्हा कधी अडकणार नाही.’ या सल्ल्याने बिघडवलेले क्लच मी हातात घेतले आहेत, म्हणून त्यातली एकेक गोष्ट तपासून सांगतो.

आधी क्लच धरून कशावर बसतो ते पाहू. क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, टोक निमुळतं असतं आणि क्लचच्या मधलं भोकही तसंच निमुळतं. बहुतेक स्नोमोबाइलमध्ये तिथे चावी (दोन्ही भाग एकमेकांत अडकवणारा धातूचा तुकडा) नसते. मधला बोल्ट क्लचला टेपरवर दाबतो आणि इंजिनाची सगळी ताकद त्या घर्षणातून जाते. उतार इतका कमी असतो की बोल्ट काढला तरी क्लच जागचा हलत नाही. म्हणजे क्लच ‘अडकणं’ हा मुळात दोष नाही, त्याला तसंच बनवलेलं आहे. तो सोडवायचा तर ताकद अक्षाच्या सरळ रेषेतच लागायला हवी. वरच्या सल्ल्यातली निम्मी कामं ती भलत्याच दिशेने लावतात.

तेलाचं लवकर संपवतो. नीट बसलेल्या टेपरमध्ये धातूला धातू भिडलेला असतो, तेल शिरायला फट जवळपास नसतेच. कडेला गंज असेल तर तो थोडा नरम पडेल, इतकंच. उलट फवारा पुलीच्या तोंडावर उडतो. तो पुसला नाही तर बेल्ट घसरतो आणि बेल्ट का घसरतोय हे शोधण्यात आणखी एक दिवस जातो.

आता आग. तापवल्याने भोक मोठं होतं हे खरं, पण किती? अनेक क्लचांमध्ये पुली ॲल्युमिनियमची असली तरी टेपर कापलेला मधला दांडा पोलादाचा असतो. पोलाद दर अंशाला स्वतःच्या मापाच्या एक कोटी भागांपैकी सुमारे 120 भाग प्रसरण पावतं. 30 मिलिमीटरचं भोक क्रँकपेक्षा 100 अंशांनी जास्त तापलं तर ते जेमतेम 0.036 मिलिमीटरने मोठं होईल. तेवढंही पुरतं, पण क्रँक थंड राहिला तरच. टॉर्च पाच मिनिटं धरून ठेवली तर उष्णता क्रँकमध्ये उतरते, दोन्ही भाग सारखे फुगतात आणि हाती काहीच लागत नाही. शिवाय क्लचच्या मागेच क्रँकचं रबरी ऑइल सील (गळती अडवणारी कडी) असतं. दोन-स्ट्रोक इंजिनात ते गेलं की तिथून हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि पिस्टन जळतो. ॲल्युमिनियमच्या पुलीवर थेट ज्वाला धरली तर तिची मजबुती जाते, आणि ती पुली मिनिटाला हजारो फेरे फिरणार असते. उष्णता द्यायचीच असेल तर पुलर ताणावर ठेवून, हीट गनने, फक्त मधल्या भागाला, थोडा वेळ द्या.

सगळ्यात जास्त नुकसान तीन पायांच्या पुलरने होतं. त्याचे पाय पुलीच्या कडेला अडकतात आणि ती कड ओतीव ॲल्युमिनियमची, पातळ असते. असा एक क्लच माझ्याकडे आला तेव्हा कडेवर अर्धचंद्राएवढा टवका उडाला होता. पुलीच्या तोंडावरून नख फिरवलं की एका जागी ते अडकत होतं. तेवढ्या खरवडीने नवा बेल्ट दर फेऱ्याला कापला जातो. टवक्यामुळे तोल गेला की त्याची थरथर थेट क्रँकच्या बेअरिंगला बसते. मालकाला वाटत होतं, ‘निघाला ना, मग झालं.’ निघाला होता, पण पुन्हा बसवण्याजोगा उरला नव्हता. दोन पुलींमध्ये पहार घालून मागून उचकटण्याचंही तेच.

घणाचं एक सांगतो, कारण यात अर्धं सत्य आहे. पुलर पूर्ण ताणावर असताना त्याच्या डोक्यावर मध्यम हातोडीने सरळ, अक्षाच्या रेषेत ठोकलेला टोला उपयोगी पडतो. त्या धक्क्याने टेपरची पकड मोडते. पण जड घणाचा मोठा घाव क्रँकमधून थेट बेअरिंगच्या गोळ्यांवर जातो आणि त्यांच्या मार्गात खळगे पाडतो. पुलीच्या बाजूने मारलेला घाव त्याहून वाईट. बहुतेक दोन-स्ट्रोक स्नोमोबाइलचा क्रँक तुकडे दाबून जोडलेला असतो. बाजूचा धक्का बसला की ते तुकडे एकमेकांवर सरकू शकतात आणि क्रँक वाकडा फिरू लागतो. तो पुन्हा सरळ करणं क्लच काढण्याहून कितीतरी मोठं काम आहे.

मग करायचं काय? त्या क्लचसाठीच बनवलेला पुलर घ्यायचा. तो एक लांब, कडक बोल्ट असतो. क्लचच्या मधल्या भोकातल्या मोठ्या आट्यांत तो फिरतो आणि त्याचं टोक क्रँकला ढकलतं. मॉडेलप्रमाणे आटे आणि लांबी बदलते, ‘जवळपास बसतोय’ म्हणून लावू नका. आखूड पुलर चार आट्यांवर धरतो आणि तेच आटे उचकटतो. चुकीच्या टोकाचा पुलर क्रँकच्या आतल्या आट्यांवर बसून ते चेमटवतो. आधी बेल्ट काढा, मग मधला बोल्ट, मग पुलरच्या आट्यांना आणि टोकाला ग्रीस लावा. क्लच धरायला त्याचा होल्डर किंवा पट्ट्याचा पाना वापरा, पुलींत स्क्रू-ड्रायव्हर अडकवू नका.

ग्रीस लावलेल्या 20 मिलिमीटरच्या बोल्टवर 100 न्यूटन-मीटर टॉर्क (पिळण्याचा जोर) दिला तर क्रँकवर साधारण अडीच-तीन टन जोर पडतो. इतक्या जोराला वेळ द्यावा लागतो. आवळा, एक टोला द्या, थांबा, पुन्हा पाव फेरा आवळा. रात्रभर ताणावर ठेवलेला क्लच सकाळी एका टोल्यात मोठा आवाज करून सुटलेला मी पाहिला आहे. म्हणून समोर उभं राहू नका आणि खाली पोतं किंवा फळी ठेवा. इम्पॅक्ट गनने (धक्के देत बोल्ट फिरवणाऱ्या यंत्राने) मधला बोल्ट सोडवायला हरकत नाही. पुलरवर मात्र ती सुरुवातीपासून चालवली तर टोक कुत्र्याच्या छत्रीसारखं पसरतं आणि पुलर आत अडकतो. क्लचपाठोपाठ पुलरही जाम, अशी गाडी मला अजिबात पाहायची नाही.

एवढ्यानेही हलला नाही तर दाबाची युक्ती आहे. ती फिरत्या सल्ल्यात नाही, पण असायला हवी होती. पुलर काढा आणि क्लचच्या भोकात ग्रीस ठासून भरा, हवेची पोकळी राहता कामा नये. पुलरच्या आट्यांना सहा-सात वेढे टेफ्लॉन टेप गुंडाळा आणि तो हळू आवळा. ग्रीस दाबलं जात नाही, म्हणून दाब सगळीकडे सारखा पसरतो, टेपरच्या आतल्या टोकाशी शिरतो आणि भोकाला किंचित फुगवतो. मोठी बेअरिंगं आणि जहाजांचे पंखे याच तत्त्वावर, तेलाच्या दाबाने शाफ्टवरून सोडवतात. पाणीही चालतं, पण ते सांडू नये म्हणून गाडी आडवी करावी लागते आणि नंतर सगळं कोरडं करावं लागतं, त्यामुळे मी ग्रीसच पसंत करतो. गळायला लागलं तर पुलर काढून पुन्हा भरा. हात आणि चेहरा आट्यांच्या रेषेत ठेवू नका, दाबाने उडालेली ग्रीसची धार कातडीत घुसते. क्लच निघाला की क्रँकच्या आतल्या भोकातलं ग्रीस शेवटच्या कणापर्यंत काढा. तिथे ते राहिलं आणि वर मधला बोल्ट आवळला, तर तोच दाब आता क्रँकवर उलटतो.

शेवटचा मुद्दा टेपरला ग्रीस लावण्याचा. वरवर तो शहाणपणाचा वाटतो, पण मला तो सगळ्यात धोकादायक वाटतो. टेपर घर्षणावर चालतो आणि ग्रीस ते घर्षणच काढून घेतं. बोल्ट तितक्याच टॉर्कने आवळला तरी क्लच ग्रीसवरून पुढे सरकत जातो, मधलं भोक प्रमाणाबाहेर ताणलं जातं आणि तडकू शकतं. पुढच्या वेळी तो काढणं आजच्याहून कठीण असतं. बोल्ट कमी आवळलेला असेल तर क्लच टेपरवर बारीक हलत राहतो. ही हालचाल डोळ्यांना दिसत नाही, पण काढल्यावर तिची खूण दिसते: निमुळत्या भागावर तपकिरी, लालसर भुकटी, बोटाला लागली की विटेच्या चुऱ्यासारखी. तीच भुकटी मधे साचते आणि क्लच घट्ट चिकटवते. जाम क्लचमागे बऱ्याचदा हेच कारण सापडतं, आणि त्यावर ग्रीसचा काही उपाय नाही.

त्यामुळे काढल्यावर दोन्ही टेपर बारीक घासणीने हळुवार घासून घ्या आणि ब्रेक क्लीनरने पुसून पूर्ण कोरडे करा. बोट फिरवून पाहा. चर किंवा उंचवटा लागला तर टेपरवर धातू बारीक घासणारी पेस्ट लावून दोन्ही तोंडं एकमेकांवर बसवा, नंतर पेस्टचा एकही कण आत राहू देऊ नका. कोरड्या टेपरवर क्लच ठेवा आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या आकड्यापर्यंत टॉर्क रेंचने आवळा. पहिली फेरी मारून इंजिन थंड झालं की तोच आकडा पुन्हा तपासा. बोल्ट थोडाही फिरला, तर टेपर नुकताच बसत होता असं समजा आणि पुढच्या फेरीनंतर परत एकदा पाहा.