दहा बोटांना सुई टोचून मेंदूतली गुठळी निघत नाही

"अर्धांगवायूचा झटका आला तर रुग्णाला जागचा हलवू नका, मेंदूतल्या केशवाहिन्या फुटतील. दहाही बोटांना सुई टोचून रक्त काढा, काही मिनिटांत शुद्ध येईल. तोंड वाकडे झाले असेल तर कान लाल होईपर्यंत ओढा आणि पाळीतून दोन-दोन थेंब काढा. बरे वाटल्यावरच दवाखान्यात न्या." एका चिनी प्राध्यापकाच्या नावावर खपवलेला हा संदेश वर्षानुवर्षे घरोघरच्या ग्रुपवर फिरतो आहे.

आधी शेवटचे वाक्य घेऊ, जीव त्यानेच जातो. बहुतेक झटके मेंदूची धमनी गुठळीने बंद झाल्यामुळे येतात. मेंदूच्या 100 ग्रॅम भागाला मिनिटाला साधारण 50 मिली रक्त मिळत असते. ते 10 च्या खाली गेले की पेशींतली ऊर्जा काही मिनिटांत संपते, सोडियम बाहेर टाकणारे पंप बंद पडतात आणि पेशी फुगतात. ग्लुटामेट, म्हणजे चेतापेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात ते रसायन, बाहेर सांडते, त्यामुळे कॅल्शियम आत घुसते आणि पेशी मरतात. या मेलेल्या गाभ्याभोवती 10 ते 20 मिलीवर तगलेला पट्टा असतो, काम थांबलेला पण जिवंत. सगळा उपचार या पट्ट्यासाठी असतो. मोठी धमनी बंद असेल तर मिनिटाला सरासरी 19 लाख चेतापेशी मरतात. टोचाटोचीत दहा मिनिटे गेली तर 1 कोटी 90 लाख.

गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. अल्टेप्लेज असेल तर किलोमागे 0.9 मिग्रॅ, जास्तीत जास्त 90. त्यातले 10 टक्के एकदम शिरेत, उरलेले तासाभरात. त्याआधी सीटी स्कॅन हवाच, कारण रक्तस्राव असेल तर हेच औषध घात करते. तोंडाकडे पाहून हा फरक ओळखता येत नाही, म्हणून घरी ॲस्पिरिनही देऊ नये.

हलवल्याने केशवाहिन्या फुटतात? मेंदूत रक्तस्राव बहुधा वर्षानुवर्षांच्या उच्च रक्तदाबाने कमजोर झालेल्या बारीक धमन्यांतून होतो. स्ट्रेचरवर उचलल्याने नव्हे.

बोटातले रक्त मनगटाच्या धमन्यांतून येते, मेंदूतली गुठळी डोक्यात असते. अंगातल्या सुमारे पाच लिटर रक्तातून वीस थेंब, म्हणजे जेमतेम एक मिली काढून ना गुठळी हलते ना दाब उतरतो. (बोट टोचण्याचा एकच उपयोग आहे, ग्लुकोमीटरवर साखर पाहण्याचा. साखर फार उतरली तरी अर्धांगवायूसारखीच लक्षणे दिसू शकतात.)

कानाचे तर विचारूच नका. तोंड वाकडे होते ते चेहऱ्याच्या स्नायूंना मेंदूकडून जाणारा हुकूम तुटल्यामुळे. कपाळाला दोन्ही बाजूंच्या मेंदूकडून हुकूम मिळतो, म्हणून ते बहुधा शाबूत राहते. पाळीच्या रक्ताचा यात संबंध कुठे?

"पण अमक्याला गुण आला!" येईलही. गुठळी आपोआप सुटली तर लक्षणे काही मिनिटांत ओसरतात आणि श्रेय सुईला मिळते. मोठ्या झटक्याचा धोका मात्र पुढच्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो, त्यामुळे अशा माणसालाही त्याच दिवशी दाखवायचे.

तोंड वाकडे, एक हात खाली पडतो, बोलणे अडखळते. यातले एक दिसले तरी 108 लावा. गिळण्याची तपासणी होईपर्यंत पाणीसुद्धा पाजू नका, ते फुप्फुसात जाऊ शकते. रक्तदाब झपकन उतरवणारी गोळीही नको, अर्धमेल्या पट्ट्याचे उरलेसुरले रक्त तुटते. आणि माणूस शेवटचा धडधाकट किती वाजता दिसला ते लिहून घ्या. झोपेतून उठतानाच लक्षणे दिसली तर झोपायला गेल्याची वेळ लिहा.