घरच्या प्रीअँपला घाबरवणाऱ्या मेसेजला उत्तर

अकूस्टिक गिटारला पिकअप (तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) बसवणाऱ्यांसाठी म्हणून एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्याचा सारांश असा: घरी प्रीअँप (पिकअप आणि मिक्सरच्या मधलं छोटं सर्किट) बनवायच्या भानगडीत पडू नका. प्रीअँप फक्त आवाज मोठा करतो, ते काम मिक्सरचा गेन (सिग्नल वाढवायचं बटण) करतोच. घरचं सर्किट घरघरणारच. बॅटरीच्या ९ व्होल्टने पिकअप जळतो. आणि पार्ट आपल्या भागात मिळत नाहीत, त्यासाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठावा लागतो.

परभणी, लातूर, बीडकडची पोरं हे वाचून सोल्डरिंग आयर्न बाजूला ठेवतात. मग युवक महोत्सवात त्यांची गिटार थेट मिक्सरला लागते आणि इतकी पातळ वाजते, की परीक्षकांना पोराचा हातच कच्चा वाटतो. याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून मेसेजमधला प्रत्येक मुद्दा घेऊन उत्तर देतोय.

गेनचा मुद्दा आधी, कारण सगळी चूक तिथून सुरू होते. पिएझो पिकअप (दाब पडला की वीज देणारा) विजेच्या हिशेबाने एक छोटा कपॅसिटर असतो. तारा ज्यावर टेकतात त्या सॅडलखाली बसणारी पट्टी साधारण १ नॅनोफॅरडच्या आसपास, तर बझरसाठी मिळणारी २७ मिलिमीटरची पितळी चकती साधारण २० नॅनोफॅरड. हा कपॅसिटर आणि समोरच्या इनपुटचा रोध मिळून फिल्टर बनतो. ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या खाली जावं तसा सिग्नल घटत जातो. ती फ्रिक्वेन्सी काढायची तर १ ला (२ × ३.१४ × रोध × कपॅसिटन्स) ने भागायचं. दहावीच्या पोरालाही जमेल असं गणित आहे.

मिक्सरच्या लाइन इनपुटचा रोध १० किलोओहम धरा. पट्टीसाठी उत्तर येतं जवळपास १६ किलोहर्ट्झ. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजते ८२ हर्ट्झला आणि सगळ्यात बारीक ३३० ला. म्हणजे सहाच्या सहा तारांचे मूळ स्वर फिल्टरच्या कितीतरी खाली पडले. जाड तारेचा मूळ स्वर जवळपास ४५ डेसिबलने खाली येतो. चकती लावली तर फिल्टर ८०० हर्ट्झला येतो आणि तोच स्वर २० डेसिबलने पडतो. माइक इनपुटला लावाल तर हाल आणखी वाईट, कारण तिथला रोध दीड-दोन किलोओहमच असतो.

आता गेन वाढवा. जे उरलंय तेच वाढेल: प्लेक्ट्रमची टकटक आणि तारेवर सरकणाऱ्या बोटांची किरकिर. बेसचं बटण पूर्ण फिरवलं तरी सहसा १२ ते १५ डेसिबल मिळतात, गेलेत ४५. झरा बारीक असलेल्या विहिरीवर साडेसात एचपीची मोटर बसवली म्हणून पाणी वाढत नाही, विहीर तेवढी लवकर कोरडी पडते. इथे मिक्सर ती मोटर आहे.

प्रीअँप इनपुटला १० मेगाओहम देतो. तोच हिशेब पुन्हा करा, पट्टीसाठी फिल्टर १६ हर्ट्झवर येतो आणि जाड तार पूर्ण ऐकू येते. यात आवाज मोठा करायची गरज जवळपास नसते. जोरात स्ट्रम केलं की पिएझो व्होल्टात मोजावं इतका सिग्नल क्षणभर देतो, त्यामुळे गेन दोन-तीन पटींपेक्षा जास्त ठेवला तर ९ व्होल्टवरचं सर्किट फाटक्या आवाजात बोलतं. गेन एक पट ठेवला तरी काम होतं. कीर्तनकारांच्या कॉलर माइकच्या कॅप्सूलमध्ये चिमुकला फेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) बसवलेला असतो, तो हेच काम करतो.

घरघरीच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. उघड्या प्लास्टिकच्या डबीत, लांब साध्या वायरींनी, मोबाइलच्या चार्जरवर चालवलेलं सर्किट घरघरेल. पण ती घरघर रोखता येते. ज्या बिंदूला रोध जास्त, तिथे आसपासच्या ५० हर्ट्झच्या लाइनचं विद्युत क्षेत्र सहज शिरतं. प्रीअँपमध्ये असा बिंदू एकच असतो, पिकअप ते इनपुट. तिथली वायर शील्डवाली आणि वीतभरच ठेवा. चकतीची पितळी बाजू ग्राउंडला, मधला पांढरा भाग सिग्नलला. चकतीवर आधी इन्सुलेशन टेप, त्यावर तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची पट्टी, आणि ती पट्टी ग्राउंडला. सर्किट पत्र्याच्या डबीत, डबीही ग्राउंडला. वीज बॅटरीचीच. आपल्याकडे मांडवात कधी जनरेटर तर कधी इन्व्हर्टर असतो, आणि माळांच्या वायरी स्टेजवरूनच नेलेल्या असतात, तिथे बॅटरीचा फायदा लगेच कळतो.

मेसेज लिहिणाऱ्याने उलटी बाजू पाहिलेली दिसत नाही. प्रीअँपशिवाय, १ मेगाओहमच्या इनपुटवाल्या अँपला सहा मीटर केबलने पिकअप जोडला तर सबंध केबलच घरघर गोळा करायला लागते. शिवाय केबलची स्वतःची कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरड, म्हणजे सहा मीटरला ६०० होते आणि पट्टीचा सिग्नल ४ डेसिबलने उतरतो. गिटारमध्येच प्रीअँप बसवला की केबलमधून कमी रोधाचा सिग्नल जातो आणि दोन्ही त्रास उरत नाहीत.

पिकअप जळण्याचं म्हणाल, तर ही चकती दुकानात बझर म्हणूनच विकली जाते. बझरमध्ये तिला वाजवायलाच व्होल्टेज देतात. प्रीअँपमध्ये तर जेफेटच्या (फेटचाच एक प्रकार) गेटमधून, म्हणजे इनपुटच्या पायातून, ढोबळमानाने करंट वाहतच नाही. चकती खराब होते ती सोल्डरिंगमुळे: आयर्न पांढऱ्या भागावर टेकवून ठेवलं की वरचा चांदीचा थर उखडतो. क्षणभरात डाग देऊन हात काढून घ्यायचा.

आता पार्ट. संभाजीनगरजवळ चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता. ज्या मराठवाड्यात टीव्ही तयार होत होते, तिथल्या माणसांना सहा पार्टचं सर्किट जमणार नाही हे मला मान्यच नाही. टीएल०७२ ही आयसी जिल्ह्याच्या गावी मिळते, नाहीतर ऑनलाइन घरपोच येते. पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये ज्यावर जेफेटचे ग्राफ काढतात तो बीएफडब्ल्यू११ पण चालतो. त्याच्या चार पायांतला एक धातूच्या टोपीचा, तो ग्राउंडला जोडायचा.

बीएफडब्ल्यू११ ची जोडणी अशी (गेट, ड्रेन, सोर्स हे त्याचे बाकीचे तीन पाय): गेट ते ग्राउंड १० मेगाओहम, पिकअप थेट गेटला, ड्रेन बॅटरीच्या प्लसला, सोर्स ते ग्राउंड १० किलोओहम, आणि सोर्सवरून १० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून आउटपुट. कपॅसिटरचा प्लस सोर्सकडे, आणि त्याच्या आउटपुटच्या बाजूने ग्राउंडला १०० किलोओहम. मल्टिमीटरने सोर्सवरचा व्होल्टेज बघा. अडीच ते पाच व्होल्टच्या मध्ये आला तर ठीक, नाहीतर दुसरा नग लावून बघा, कारण जेफेट नगागणिक वेगळे निघतात. बीएफडब्ल्यू१० मात्र टाळा, त्याला जास्त व्होल्टेज लागू शकतो आणि ९ व्होल्टमध्ये सिग्नलला जागा उरत नाही.

लॅबच्या ड्रॉवरमध्ये सगळ्यात आधी हाताला लागते ती ७४१ आयसी. ती इथे नको. तिचा इनपुट करंट साधारण ८० नॅनोअँपिअर, तो १० मेगाओहममधून गेला की ०.८ व्होल्टचा फरक पडतो, आणि नग वाईट असला तर कितीतरी जास्त. घरचे प्रीअँप बदनाम व्हायला हेही एक कारण आहे असं मला वाटतं.

खर्च चकती, जॅक आणि बॅटरी धरूनही फार येत नाही. स्टीरिओ जॅक वापरा आणि बॅटरीचा मायनस त्याच्या मधल्या रिंगला जोडा, म्हणजे केबल काढली की बॅटरी आपोआप बंद. जेफेटचं सर्किट एक मिलिअँपिअरपेक्षा कमी खातं, तेव्हा चांगली अल्कलाइन बॅटरी शेकडो तास पुरते. घाईत क्लिप उलटी टेकते, म्हणून प्लसच्या वायरीत एक १एन४००७ डायोड घाला.

ज्या गिटारच्या कुशीला बटणं आणि बॅटरीचा कप्पा आधीच आहे, तिच्यात प्रीअँप बसवलेलाच असतो. तिला दुसरा लावू नका. आणि साउंडवाल्याने तुमची लाइन ४८ व्होल्टच्या फँटमवाल्या (केबलमधूनच माइकला वीज देणाऱ्या) माइक इनपुटला द्यायचं ठरवलं, तर मध्ये डीआय बॉक्स (सिग्नल माइक इनपुटजोगा करणारी डबी) मागून घ्या. थेट जोडलं आणि फँटम सुरू झाला, तर आउटपुटच्या कपॅसिटरवर उलटा व्होल्टेज येतो आणि तो टिकणार नाही. जास्त व्होल्टचा घेतला तरी तेच, म्हणून डीआय बॉक्सच.