देव मानत नाही म्हणजे निहिलिस्ट? काहीही!

"देव गेला की नीती जाते, नीती गेली की जगण्याची इच्छा जाते, यालाच निहिलिझम म्हणतात. नीत्शेने देव मेल्याचं जाहीर केलं आणि स्वतःच वेडा झाला. बुद्धाचा शून्यवादही तोच. मुलांना वेळीच आवरा." हा फॉरवर्ड वाचून माझ्या बहिणीने लेकीच्या खोलीची कडी काढून टाकली. पोरगी एवढंच म्हणाली होती की मी देव मानत नाही. आता गप्प बसवत नाही.

आधी जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे. 1882 च्या त्याच्या 'द गे सायन्स' या पुस्तकातला 125वा परिच्छेद जेमतेम दीड-दोन पानांचा आहे, तेवढाही वाचायचे कष्ट फॉरवर्डवाल्याने घेतलेले नाहीत. भर सकाळी कंदील पेटवून एक वेडा बाजारात देवाला शोधत येतो. त्याला हसतं कोण? तिथे जमलेले, देव न मानणारेच! हरवला का, लपून बसलाय का, अशी टवाळी करतात. तो म्हणतो, आपणच त्याला मारलं, तुम्ही आणि मी. आता वर कुठलं आणि खाली कुठलं? कुणालाच काही उमगत नाही, तेव्हा कंदील जमिनीवर आपटतो आणि म्हणतो, मी फार लवकर आलो. यात जल्लोष कुठे दिसला? हा आकांत आहे, आणि रोख आहे तो निवांत नास्तिकांवर. निहिलिझमवर, म्हणजे कशालाच अर्थ वा मोल नाही या विचारावर, मात कशी करायची हीच नीत्शेची विवंचना होती. वर त्याने ख्रिस्ती धर्मालाच निहिलिस्ट ठरवलं: सगळं मोल परलोकाला दिलं की हे जग कवडीमोल होतं. हे पटायलाच हवं असं नाही, पण त्याच्या नावावर नेमकं उलटं तरी खपवू नका. 1889 मध्ये तो कोसळला, खरंय. कारणाबद्दल डॉक्टरांत अजून वाद आहेत. एखादं वाक्य लिहिल्यामुळे, असं निदान त्यांपैकी कुणाचंच नाही.

नीतीचं म्हणाल तर जैन जगाचा कर्ता ईश्वर मानत नाहीत. अहिंसेचे नियम त्यांच्याइतके कडक कुणाचे आहेत? वेद प्रमाण मानणाऱ्या कुमारिल भट्टानेही जगत्कर्ता युक्तिवादाने खोडून काढला. उलट 'सर्व काही व्यर्थ' हा घोष सापडतो तो बायबलातल्या उपदेशकाच्या पुस्तकात.

श्रद्धा सुटताना पायाखालची जमीन सरकते, एवढं मान्य करतो. रशियन कादंबरीकार तोलस्तोय आपण जीव देऊन बसू या भीतीने दोरी लपवून ठेवायचा आणि अखेर श्रद्धेकडेच वळला. पण त्याची श्रद्धा सुटली होती किशोरवयात, आणि हा पेच आला पन्नाशीच्या सुमारास. मधल्या काळात त्याने 'युद्ध आणि शांती' लिहिली. फॉरवर्डमधली साखळी इथे कशी लावायची?

राहिला शून्यवाद, म्हणजे कशालाच स्वतःचं स्वतंत्र अस्तित्व नाही हे बौद्ध मत. सगळं शून्य तर मग चार आर्यसत्यंही गेली, हा आक्षेप बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने 'मूलमध्यमककारिके'च्या 24व्या प्रकरणात प्रतिपक्षाच्या तोंडी घालून खोडून काढलाय. शून्यता चुकीची पकडली तर चुकीच्या जागी धरलेल्या सापासारखी उलटते, असंही त्याच प्रकरणात बजावलंय. म्हणजे फॉरवर्डवाल्याला त्याचं उत्तर किमान सतराशे वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे.